लंडनची विनामूल्य संग्रहालये आणि ग्रीनिचची रेषा

१८१२ साली लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानात वीस वर्षांचा एक मुलगा काम शिकत होता. दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मुलगा लोहाराचा, शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते. तिकिटे विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्याने व्याख्यानांची टिपणे काढली, ती सुवाच्य अक्षरात उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधून त्यांचे पुस्तक केले आणि ते डेव्हींकडे पाठवले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो त्याच संस्थेत मदतनीस म्हणून रुजू झाला. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे.

ती तिकिटे मिळाली नसती तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण विज्ञान पाहायला पैसे पडावेत का, हा प्रश्न मात्र खरा आहे. लंडन शहराने त्याचे जे उत्तर दिले आहे ते पाहण्यासारखे आहे.

तेथील ब्रिटिश म्यूझियम १७५३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले आणि १७५९ मध्ये लोकांसाठी विनामूल्य उघडले. आरंभी आधी अर्ज करून प्रवेशपत्र मिळवावे लागे. म्हणजे पैसे नकोत, पण खटपट हवीच. पुढे धोरण डळमळलेही. १९७४ मध्ये तेथे काही महिने शुल्क होते. विज्ञान संग्रहालय व निसर्गेतिहास संग्रहालय यांनी १९८०च्या दशकात तिकिटे लावली आणि १ डिसेंबर २००१ पासून ती पुन्हा उठली. आता या संस्थांच्या बहुतेक कायमच्या दालनांना शुल्क नाही. खास प्रदर्शने व मोठ्या पडद्यावरचे चित्रपट यांना मात्र तिकीट असते. काही ठिकाणी आधी वेळ नोंदवावी लागते, पण त्याला पैसे पडत नाहीत. (फुकट पाहायला मिळते खरे, पण वस्तू कोठून आणि कशा आल्या, हा विचार ब्रिटिश म्यूझियममध्ये आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहताना आपल्या मनात येतोच.)

विनामूल्य प्रवेशाचा मला वाटणारा मोठा फायदा वेगळाच आहे. तिकीट काढले की पैसे वसूल करण्याची घाई होते आणि माणूस सतरा दालने धावत पाहतो. पैसे दिले नसले की एकाच वस्तूपुढे अर्धा तास उभे राहून घरी जाता येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येता येते. विज्ञान संग्रहालयाच्या संग्रहात ‘पफिंग बिली’ हे आज अस्तित्वात असलेले सर्वांत जुने वाफेचे रेल्वे-इंजिन आहे. चार्ल्स बॅबेज यांच्या हयातीत कधीच न बनलेले आणि त्यांच्या आराखड्यांवरून १९९१ मध्ये संग्रहालयाने घडवलेले गणकयंत्रही त्यात आहे. एका दिवशी एकच वस्तू निवडावी.

फॅरडे यांची कडी अशीच अर्धा तास मागणारी आहे. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळमजल्याखालचे छोटे फॅरडे संग्रहालयही विनामूल्य आहे. बाहेरून सहा इंच व्यासाची ही नरम लोखंडाची कडी; तिच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेगवेगळी वेटोळी. त्या काळी आवरण घातलेली तार बाजारात मिळत नसे, म्हणून वेढ्यांमध्ये सुती कापड आणि दोरा घातलेला आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी एका वेटोळ्याला विद्युत्घट जोडताच दुसऱ्या वेटोळ्याच्या मंडलाजवळील चुंबकसूची हलली आणि पुन्हा पूर्ववत झाली. घट तोडताना ती पुन्हा हलली. प्रवाह स्थिर असताना मात्र काही नाही! आपल्या गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो.

आता ग्रीनिचला जाऊ. तेथे टेकडीच्या पायथ्याचे सागरी संग्रहालय विनामूल्य आहे, पण टेकडीवरील वेधशाळेत जाण्यास तिकीट लागते. भूगोलाच्या पुस्तकातले शून्य रेखावृत्त, म्हणजे अंगणात बसवलेली पट्टी, तिकिटाच्या आत आहे. अनेक जण पैसे देऊन, त्या पट्टीवर दोन्हीकडे पाय ठेवून छायाचित्र काढून परततात. पण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हवे ते बरेचसे भिंतीबाहेर आहे. फाटकाशेजारी १८५२ साली बसवलेले चोवीस तासांच्या तबकडीचे घड्याळ आहे. ते उन्हाळ्यातही ग्रीनिच वेळच दाखवते, त्यामुळे त्या दिवसांत लंडनच्या मनगटी घड्याळांपेक्षा एक तास मागे असते. त्याच भिंतीत यार्ड, फूट वगैरे लांबीची प्रमाणे बसवलेली आहेत. ती रेषाही उत्तरेकडील पायवाटेवर भिंतीबाहेर पुढे दाखवलेली आहे.

या रेषेवर खिशातला मोबाइल काढून जी.पी.एस.चे रेखांश वाचले, तर शून्य दिसत नाही. सुमारे ५.३ सेकंद पश्चिम असे दिसते. (येथे सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.) शून्य येण्यासाठी बागेत पूर्वेकडे चालत जावे लागते. किती, ते काढू. विषुववृत्तावर रेखांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३०.९ मीटर. ग्रीनिचचा अक्षांश सुमारे ५१.५ अंश, त्याची कोज्या ०.६२३. म्हणून

५.३ × ३०.९ × ०.६२३ = सुमारे १०२ मीटर.

शंभर मीटरची चूक? जॉर्ज एअरी यांची दुर्बीण इतकी ढिसाळ नव्हती. तिच्यावरून ठरलेली रेषाच १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेने शून्य रेखावृत्त म्हणून स्वीकारली. खोट दुर्बिणीत नाही; ‘खाली’ या शब्दाच्या अर्थात आहे.

दुर्बीण आकाशात नेमकी सरळ वर रोखली आहे की नाही, हे ठरवण्यासाठी एअरी पाऱ्याचे परळ वापरत. पाऱ्याचा पृष्ठभाग स्थानिक गुरुत्वाकर्षणाला काटकोनात असतो. गवंड्याचा ओळंबाही तीच दिशा दाखवतो. पण पृथ्वी काही एकजिनसी गोळा नाही. कोठे जमिनीखाली जड खडक, कोठे हलके. त्यामुळे ओळंबा किंचित बाजूला ओढला जातो. ग्रीनिचला हे पूर्व-पश्चिम विचलन सुमारे ३.३ सेकंद आहे. दहा मीटर लांबीच्या ओळंब्याचे टोक यामुळे ०.१६ मिलिमीटर सरकेल, म्हणजे फार तर दोन केसांच्या जाडीइतके! पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या अंतरावर मात्र तेवढाच कोन १०२ मीटर होतो. एअरींची रेखावृत्त-पातळी पृथ्वीच्या वस्तुमानमध्यातून जात नाही. ती त्याला १०२ मीटरने चुकवते. उपग्रह वस्तुमानमध्याभोवती फिरतात, म्हणून जी.पी.एस.ची पातळी त्या मध्यातूनच जाते. दोन्ही पातळ्या परस्परांना समांतर ठेवल्या आहेत. तारे इतके दूर आहेत की दोन्ही ठिकाणांहून तारा एकाच क्षणी पातळी ओलांडताना दिसतो, आणि म्हणून घड्याळाच्या वेळेत फरक पडला नाही.

या ओळंब्याची एक गोष्ट आपल्या देशातलीही आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या सर्वेक्षणात मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना यांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनी काढला गेला: जमिनीवर त्रिकोण मोजून आणि ताऱ्यांचे वेध घेऊन. उत्तरांत सुमारे ५.२ सेकंदांची तफावत आली. जमिनीवर ती सुमारे १६० मीटर. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, हे उघड कारण होते. पण कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी गणित केले तेव्हा हिमालयाची ओढ सुमारे तिप्पट, म्हणजे जवळजवळ १५.९ सेकंद यायला हवी होती. एवढा मोठा पर्वत इतका कमी का ओढतो? १८५५ मध्ये उत्तर सुचवले ते ग्रीनिचच्याच एअरींनी. पाण्यात तरंगणाऱ्या लाकडाच्या ओंडक्याप्रमाणे पर्वताची हलक्या खडकाची मुळे खालच्या जड थरात खोल बुडालेली असतात. वरच्या जास्तीच्या वस्तुमानाची खालच्या तुटीने भरपाई होते. मला एअरींच्या सर्व कामांत ही कल्पना सर्वांत आवडते. तिच्या मुळाशी पुन्हा ओळंबाच आहे.

शिक्षकांनी वर्गात पुढील उदाहरण द्यावे. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश धरा, कोज्या ०.९४६. रेखांशाचा ५.३ सेकंदांचा तोच फरक मुंबईत असता, तर तो जमिनीवर किती मीटर भरला असता? उत्तर सुमारे १५५ येते. ग्रीनिचला १०२ आणि मुंबईला १५५ का, हे पृथ्वीगोल हातात घेऊन, दोन रेखावृत्तांमधील अंतर ध्रुवाकडे कसे कमी होत जाते ते दाखवून विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.