घरातलं कासव आणि घरातलं बाळ

मागे विहारात मुलांची वजनं घेत होतो, तेव्हा एक आई आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. तीन दिवस ताप, जुलाब, शीमध्ये थोडं रक्त. पाणी उकळूनच देते, म्हणाली. बाळाला दवाखान्यात पाठवलं आणि आम्ही तिच्या घरी गेलो. दहा बाय बाराची खोली, एकच मोरी. मोरीच्या कट्ट्यावर प्लास्टिकच्या टबात बिस्किटाएवढी दोन हिरवी कासवं, थोरल्या मुलानं बाजारातून हौसेनं आणलेली. टबाचं पाणी रोज मोरीत ओतायचं आणि बाळाची वाटी-चमचाही तिथंच घासायचा. पुढे शीच्या तपासणीत साल्मोनेला हा जंतू निघाला. बाळ सावरलं. जंतू कासवांकडूनच आला असं आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही, पण वाट तर उघडीच होती.

हा जंतू कासवाच्या आतड्यात राहतो. कासवाला त्याचा त्रास नसतो, ते टुणटुणीत दिसतं. विष्ठेतून जंतू पाण्यात, पाण्यातून कवचावर आणि तिथून आपल्या हातावर येतो. अमेरिकेत लहान मुलं यामुळे इतकी आजारी पडली की १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला तिथं बंदी आली. लहान का? तर मुलं ती सरळ तोंडात घालतात. आपल्याकडे मिळतात तीही बहुतेक तिकडचीच, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. आता छोटी दिसतात, पण वाढून ताटलीएवढी होतात आणि वीस-तीस वर्षं जगतात. हे दुकानदार सांगत नाही. घरात कासव आलं की लक्ष्मी येते, एवढं मात्र आवर्जून सांगतो. ती येते, पण त्याच्या गल्ल्यात.

हात धुवा म्हणणं सोपं आहे. नळाला तासभर पाणी येणाऱ्या घरात आम्हीही राहिलो आहोत. म्हणून निदान एवढं करा. कासवासाठी जुनी बादली आणि घासणी वेगळी ठेवा, बादलीला लाल चिंधी बांधा म्हणजे चुकून कुणी घेणार नाही. घाण पाणी मोरीत नको, संडासात ओता. कासवाला हात लावला की साबणानं वीस सेकंद हात चोळा, मग एक तांब्या पाणी पुरतं. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, कॅन्सरची औषधं घेणारा यांनी हात लावूच नये. घरात तान्हं बाळ असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: कासव आणू नका.

आणलंच असेल तर त्याचं वागणं ओळखा. उचलताना फुस्स आवाज येतो तो राग नव्हे. डोकं आत घेताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते. मागचे पाय ताणून उन्हात पडलं असेल तर मजेत आहे. एक जण दुसऱ्याच्या तोंडापुढे पुढची नखं थरथरवतो, ती बहुधा लग्नाची बोलणी. पण तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणं, डोळे सुजणं, कवच मऊ पडणं हे आजार आहेत. त्याला रोज ऊन हवं, खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही. टब मात्र भर उन्हात सावलीशिवाय ठेवू नका, पाणी तापून ते मरतं.

कवच म्हणजे वरून घातलेला डबा नव्हे. त्यात त्याचा कणा आणि बरगड्या आहेत, स्पर्श कळतो. रंग लावू नका, दोरीसाठी भोक पाडू नका. उचलताना पुढच्या-मागच्या पायांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी धरा, जमिनीजवळच, खाली बसून. बोट तोंडापुढे नेऊ नका. दात नसले तरी चोच कात्रीसारखी असते. चावलं तर जखम साबण-पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं दवाखान्यात विचारा. कासवापासून रेबीज होत नाही. हळद, चुना, तंबाखू भरू नका.

जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि अंगावरचं दूध चालूच. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका. शीत रक्त, मलूल बाळ, खोल गेलेले डोळे, लघवी कमी, यापैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. घरात कासव आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

शेतातलं, विहिरीतलं किंवा पाठीवर चांदण्या असलेलं देशी कासव घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि विकतचं नकोसं झालं म्हणून नाल्यात, तलावात सोडू नका, ते देशी कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. त्या थोरल्या मुलालाही तलावच सुचला होता. आम्ही त्याच्याकडून वन खात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करवला, पुढचं काय करायचं ते त्यांनाच विचारायला सांगितलं. तोवर टब दाराबाहेर ओट्यावर गेला आहे, लाल चिंधीच्या बादलीसकट.