गारा वितळल्यानंतरचे कागद

कॅल्गरीच्या ईशान्य भागात नवीन घर घेतलेलं मराठी कुटुंब भेटलं की मी आधी एकच विचारते, गॅरेजमध्ये गाडी मावते का? बहुतेकांची नाही मावत. हिवाळी टायर, डीप फ्रीझर, मुलांच्या सायकली आणि भारतातून आलेल्या रिकाम्या बॅगा आत, आणि हप्त्यावर घेतलेली गाडी बाहेर उघड्यावर. निदान जून ते ऑगस्ट हे उलटं करा, असं मी सांगते. नवीन माणसं हसतात. ज्यांनी १३ जून २०२० पाहिला, ते हसत नाहीत.

त्या शनिवारी संध्याकाळी सॅडल रिज, टॅराडेल, मार्टिनडेल, स्कायव्ह्यू रँच या वस्त्यांवर टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा आल्या. वाऱ्याने त्या आडव्या मारल्या, म्हणून छपरांबरोबर भिंतींवरच्या व्हायनल सायडिंगचीही चाळण झाली. विमा कंपन्यांचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. ५ ऑगस्ट २०२४ ला, हेरिटेज डेच्या सुट्टीत, पुन्हा तेच. या वेळी विमानतळाच्या टर्मिनलचं छप्परही सुटलं नाही, वेस्टजेटची बरीच विमानं दुरुस्तीला गेली आणि विम्याचा आकडा तीन अब्जांच्या आसपास पोचला. त्याच उन्हाळ्यात शहराची मुख्य जलवाहिनी फुटून पाणी जपून वापरायची पाळी आली होती, जॅस्पर गाव वणव्यात होरपळलं होतं. गणपतीला जमलेल्या मंडळींच्या गप्पा एरवी मॉर्गेजचं नवं व्याज, किराण्याचे भाव आणि न मिळणारा फॅमिली डॉक्टर यांवर असतात. त्या वर्षी सगळे छपरावर बोलत होते.

माझं माहेर निफाडकडचं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली महाराष्ट्रातली गारपीट ज्यांच्या द्राक्षबागांवरून गेली, ती माणसं माझ्या घरातली आहेत. तिकडे गार पिकावर पडते आणि माणूस तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट पाहतो. इथे ती घरावर पडते आणि पंचनाम्याला येतो विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर. फरक एवढाच की इथला पंचनामा काय म्हणणार, ते बरंचसं आधीच, तुमच्या रिन्यूअलच्या कागदात लिहिलेलं असतं.

गारा इथेच का, तर रॉकी पर्वताच्या पायथ्याची जमीन मुळात उंच, त्यात उन्हाळी दुपारी सपाटीवरची दमट हवा डोंगराकडे चढते आणि ढग उभे वाढतात. कॅल्गरी ते रेड डिअर या पट्ट्याला इथे हेल अ‍ॅलीच म्हणतात. याच पट्ट्यात मार्करव्हिलजवळ १ ऑगस्ट २०२२ ला १२३ मिलिमीटर व्यासाची गार सापडली, कॅनडातली विक्रमी. विमा कंपन्या १९९६ पासून स्वतःच्या पैशाने विमानं उडवून ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारतात. नफ्यातोट्याचं गणित जाणणारी माणसं एवढा खर्च करतात, म्हणजे गारा पुन्हा येणार याची त्यांना खात्री आहे. आपणही धरून चालावं.

आता कागदाबद्दल. २०२० नंतर एका वर्षी आमच्या घराच्या पॉलिसीच्या रिन्यूअलबरोबर एक जादा पान आलं. आमची ब्रोकर बाई चोख, तिने फोन करून ते वाचून दाखवलं. छपराची भरपाई यापुढे नव्या छपराच्या किमतीने नाही, तर वयानुसार घसारा वजा करून मिळेल, असा त्याचा अर्थ. शेजारच्या पाजींनाही त्यांच्या कंपनीकडून तसंच पान आलं होतं. त्यांनी ते फाइलला लावून टाकलं, जसं सगळेच लावतात. २०२४ मध्ये त्यांच्या हाती काय आलं ते समजायला हे गणित पाहा. समजा छपराचं आयुष्य वीस वर्षं धरलंय, तुमचं छप्पर पंधरा वर्षांचं आहे आणि नवं घालायला सोळा हजार डॉलर लागतात. कंपनी उरलेला चौथा हिस्सा धरते, म्हणजे चार हजार. गारपिटीचं वेगळं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण सोसायची रक्कम, पाच हजार असेल, तर हाती शून्य. हप्ते मात्र वर्षानुवर्षं भरलेले. पाजींचं गणित थोडं वेगळं होतं, निकाल साधारण हाच.

म्हणून रिन्यूअल आलं की ब्रोकरला ईमेल करा. फोनवर विचारू नका, ईमेलच. छप्पर आणि सायडिंगला पूर्ण बदली किंमत मिळते की घसारा कापून? गारांचं डिडक्टिबल वेगळं आहे का, आणि ते ठरावीक रक्कम आहे की घराच्या विमा रकमेचा टक्का? एकाच बाजूचं सायडिंग फुटलं आणि तो रंग बाजारात मिळत नसेल, तर काय? हा शेवटचा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो. आमच्या घराच्या दोन बाजू २०२० नंतर एका रंगाच्या आणि दोन दुसऱ्या रंगाच्या झाल्या, कारण जुनी छटा बनणं बंद झालं होतं आणि कंपनीने फुटलेल्या बाजूंपुरतेच पैसे दिले. नवीन घर घेणाऱ्यांनी बिल्डरकडून सायडिंगचे एक-दोन खोके मागून बेसमेंटमध्ये ठेवावेत. बेसमेंट भाड्याने दिलं असेल तर भाडेकरूला त्याच्या सामानाचा विमा वेगळा घ्यायला सांगा. गारांनी डाउनस्पाउट आणि रस्त्यावरची गटारं तुंबली की पाणी पहिलं तिथेच उतरतं, आणि तुमची पॉलिसी त्याच्या टीव्हीला हात लावत नाही. गटार उलटून येणारं पाणी हे कलमही तुमच्या पॉलिसीत वेगळं तपासा.

गाडीचं सोपं आहे. अल्बर्टा प्रांतात सक्तीचा विमा गारांचे पैसे देत नाही, त्यासाठी काँप्रिहेन्सिव्ह लागतं. हप्ते फिटल्यावर जुन्या गाडीवरचं ते काढून टाकण्याचा मोह होतो. टॅक्सी किंवा डिलिव्हरीवर पोट असणाऱ्यांनी तरी टाळावा. रस्त्यात सापडलात तर बाजूला थांबा, शक्य असल्यास गाडीचं तोंड गारांकडे करा, कारण समोरची काच दुपदरी असते आणि बाजूच्या काचा चटकन चुरा होतात. हायवेवर पुलाखाली गर्दी करून मागच्यांची वाट अडवू नका.

गारा थांबल्यावर पहिला फोन विम्याला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी दारावर कोण येतं, ते सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीत शिड्या लावलेले ट्रक फिरतात. हसरा मुलगा येतो, 'फुकट तपासणी' म्हणतो, टॅबलेटवर बोटाने सही मागतो. त्या सहीत कधी अख्ख्या कामाचा करार असतो, कधी तुमच्या क्लेमचे पैसे थेट त्यांना देण्याची परवानगी. 'डिडक्टिबल आम्ही सोसतो' असं जो म्हणतो, तो तुमच्या नावाने फुगवलेलं बिल कंपनीला पाठवणार आहे, आणि त्या खोट्यात तुम्हीही ओढले जाल. त्याला छपरावर चढूच देऊ नका. आमच्याच रस्त्यावर एकाने शिंगल्सचे कोपरे हाताने उचकटलेले एका काकूंनी खिडकीतून पाहिले.

आगाऊ रक्कम घेणाऱ्या कंत्राटदाराकडे अल्बर्टात प्रीपेड काँट्रॅक्टरचा परवाना हवा. तो मागा, डब्ल्यूसीबीचं, म्हणजे कामगार भरपाई मंडळाचं, क्लिअरन्स लेटर मागा. दारावर केलेला करार दहा दिवसांत रद्द करता येतो, तो लेखीच रद्द करा. काम संपलं तरी सगळे पैसे लगेच देऊ नका. मुख्य कंत्राटदाराने मजुरांचे किंवा मालवाल्याचे पैसे बुडवले, तर ते तुमच्या घरावर लियन, म्हणजे थकलेल्या पैशांचा दावा, टाकू शकतात. कायद्यातली दहा टक्क्यांची राखीव रक्कम आहे तीच यासाठी.

नवं छप्पर घालायचंच असेल तर क्लास ४ चे शिंगल्स घाला. वीस फुटांवरून दोन इंची पोलादी गोळा टाकून त्यांची परीक्षा घेतात. महाग पडतात. २०२० नंतर महापालिकेने अशा छपरांना तीन हजार डॉलरपर्यंत अनुदान दिलं होतं. काही विमा कंपन्या हप्त्यात सवलत देतात, पण मागितल्याशिवाय नाही.

दर वसंतात, बर्फ गेल्यावर, घराच्या चारी बाजूंचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. अ‍ॅडजस्टर 'हे जुनं आहे' म्हणाला की तेच कामी येतात. गारांचा फोटो नाणं किंवा टेप शेजारी ठेवून घ्या. अ‍ॅडजस्टरचं नाव, वेळ आणि तो काय बोलला, ते एका वहीत लिहा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा, तिथेही नाही जमलं तर जनरल इन्शुरन्स ऑम्बडसर्व्हिसकडे, त्याला पैसे पडत नाहीत. कोर्टात जायची मुदत साधारण दोन वर्षांची असते, आणि पत्रापत्रीत ती भराभर संपते. पाजींच्या मुलाने ती तारीख आता फ्रिजवर लावून ठेवली आहे.