बोलका लखोटा

पत्र लखोट्यात घालावे, त्यावर तिकीट लावावे आणि ते टपालपेटीत टाकावे, ही गोष्ट आज अगदी साधी वाटते. परंतु १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये पत्र पाठवणे मोठे खर्चाचे काम होते. पत्र किती दूर जाणार आणि त्यात कागद किती, यावरून टपालाचा आकार ठरत असे. लखोटा म्हणजे आणखी एक कागद. त्याचाही आकार पडे! म्हणून लोक पत्राच्याच कागदाची घडी घालीत, लाखेने ती बंद करीत आणि तिच्याच पाठीवर पत्ता लिहीत. शिवाय हा आकार बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे.

या काळाविषयी एक आख्यायिका सांगतात. इंग्रज कवी कोलरिज एकदा एका खेड्यातून जात होता. तेथे टपालवाल्याने एका स्त्रीला पत्र दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि पैसे नाहीत म्हणून परत केले. कवीला तिची दया आली. त्याने आकार भरून ते पत्र तिच्या हाती ठेवले. टपालवाला दूर जाताच तिने ते उघडून दाखवले. पाहतो तो काय, आत कोरा कागद! ते पत्र तिच्या भावाचे होते. मधून मधून असा कोरा कागद पाठवायचा आणि पत्त्यावर आपले अक्षर दिसले, की भाऊ खुशाल आहे असे बहिणीने समजायचे, असा त्या दोघांचा संकेत होता. युक्ती चतुर खरी. पण भावाचे चार शब्द वाचण्याचे सुख त्या बहिणीला कोठून मिळणार?

ही अडचण रोलंड हिल या शिक्षकाने ओळखली. गाडीतून पत्र दूर नेण्यास फारसा खर्च येत नाही. खरा खर्च आकाराचा हिशेब ठेवण्यात आणि दारोदार पैसे गोळा करण्यात होतो, हे त्याने १८३७ मध्ये एका पुस्तिकेत आकडे मांडून दाखवले. अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्रास देशात कोठेही एक पेनी घ्यावी आणि ती आधीच घ्यावी, अशी त्याची सूचना होती. ती मान्य झाली. मे १८४० मध्ये जगातील पहिले चिकटवायचे टपाल-तिकीट निघाले. १८३९ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रे गेली होती. १८४० मध्ये ती सुमारे १६ कोटी ९० लाख झाली. आता आकार वजनावर होता. त्यामुळे लखोटा वापरण्यास कोणाचीच हरकत उरली नाही.

तिकिटाबरोबरच सरकारने चित्रांचे लखोटेही काढले. विल्यम मलरेडी या नामांकित चित्रकाराने त्यांवर सिंह, हत्ती, उंट आणि पंख असलेले दूत यांची भव्य गर्दी केली होती. लोकांना तो थाट रुचला नाही. त्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. नक्कल करणारी विनोदी चित्रे बाजारात आली. अखेर सरकारला ते लखोटे मागे घ्यावे लागले. परंतु लखोट्यावर चित्र असू शकते, ही कल्पना मात्र लोकांच्या मनात रुजली. जे सरकारी चित्राला साधले नाही, ते प्रेमाने चितारलेल्या साध्या रेषांना साधले. हेन्री पॉन्सन्बी हे १८७० ते १८९५ या काळात व्हिक्टोरिया राणीचे खासगी चिटणीस होते. एवढ्या कामाच्या व्यापातही ते शाळेत असलेल्या आपल्या मुलांना लखोट्यावर गमतीदार चित्रे काढून पाठवीत आणि पत्ता त्या चित्रातच खुबीने गुंफीत.

भारतातही १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात देशभर कोठेही जाऊ लागले. आज निरोप क्षणात पोहोचवणारी साधने घरोघर आहेत. तरीही हाताने अक्षरे रेखून, रंगवून सजवलेले लखोटे एकमेकांना धाडण्याचा छंद अनेक देशांत टिकून आहे. कारण अशा लखोट्यावर पाठवणाऱ्याचा वेळ आणि हात दोन्ही दिसतात.

या छंदाचा एक नियम मात्र विसरता येत नाही. लखोटा मित्राच्या हाती पडण्यापूर्वी तो अनेक अनोळखी माणसांना वाचावा लागतो. टपाल निवडणाऱ्याला नक्षीत हरवलेला पत्ता शोधण्यास सवड नसते. म्हणून कुशल लेखक आधी पत्त्याची जागा ठरवतो आणि मग वेलबुट्टीची. तिरप्या टोकाचा बोरू एकाच कोनात धरला, म्हणजे रेषा कोठे जाड, कोठे बारीक उमटते आणि देवनागरी अक्षराला डौल येतो. कागद फिका व शाई गडद असावी; पावसाच्या थेंबाने पसरणारी शाई टाळावी. तिकिटाभोवती शिक्क्यासाठी जागा मोकळी सोडावी. पाठवणाऱ्याचा पत्ताही लिहावा; म्हणजे पत्र चुकले तरी घरी परतते.

पत्त्याखालचे पिनकोडाचे सहा अंक तर अगदी स्पष्ट हवेत. संस्कृतचे पंडित असलेले टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिल्या अंकाने देशाचा विभाग कळतो. महाराष्ट्राचा अंक ४ आहे. शेवटच्या तीन अंकांवरून नेमके टपाल कार्यालय सापडते. एक अंक वेडावाकडा झाला, तर सुंदर लखोटा भलत्याच गावी जाऊ शकतो.

सुंदर अक्षर म्हणजे केवळ नटवलेले अक्षर नव्हे. वाचणाऱ्याचे श्रम वाचवते आणि वाचून त्याला आनंद देते, ते अक्षर खरे सुंदर. अनोळखी टपालवाल्याची सोय पाहणारा हातच मित्रासाठी उत्तम लखोटा सजवू शकतो.

स्वाध्याय
१. १८४० पूर्वी इंग्लंडमधील लोक लखोटा का वापरीत नसत?
२. कोऱ्या कागदावरून बहिणीला काय कळत असे?
३. लखोटा सजवताना कोणती काळजी घ्यावी?
४. आपल्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या नावाचा लखोटा सुवाच्य अक्षरांत लिहून सजवा.