थंडीत जुनी गाडी सुरू होत नाही? आधी शंभराचं काम, मग हजाराचं

डिसेंबर-जानेवारीत नेऱ्यापासून मालडुंगे, धोदाणीपर्यंत पहाटे चांगला गारठा असतो. माथेरानच्या डोंगराचा पायथा आणि शेजारी गाढी नदी, त्यामुळे उघड्यावर उभी केलेली गाडी दवानं निथळत असते. नेमकं त्याच वेळी भाजी नाहीतर दूध घेऊन पनवेल गाठायचं असतं आणि कार्बोरेटरची जुनी ओम्नी किंवा मागं हौदा असलेली जिप्सी काही केल्या उठत नाही. मग कुणीतरी सांगतं, 'कार्बोरेटर गेला.' इथंच पैसे वाया जायला सुरुवात होते.

पनवेल परिसरात पारा कडाक्याच्या थंडीतही सहसा दहा अंशांच्या वरच असतो. या गाड्या ज्या गुरगावात तयार झाल्या, तिथं जानेवारीत तो चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि तिथंही त्या सुरू होत असत. तेव्हा आपल्याकडची थंडी हे मूळ कारण नव्हे. बॅटरी, प्लग, चोक यांपैकी जे आधीच कमकुवत झालंय, ते गारठ्यात आणि दवात उघडं पडतं. ते शोधायला कान आणि नाक पुरतं.

किल्ली फिरवा आणि ऐका. सेल्फ मंद, ओढत ओढत फिरतोय किंवा नुसती टकटक येतेय, तर पेट्रोलकडे बघायचं कारण नाही. दोष बॅटरीकडून सेल्फकडे जाणाऱ्या वाटेत आहे. सेल्फ जोमानं फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर करंट किंवा पेट्रोल यांतलं एक कमी पडतंय. हे दोन प्रकार वेगळे ठेवले की निम्मा खर्च वाचतो.

पहिल्या प्रकारात आधी बॅटरीचे टर्मिनल काढा, पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवा, कोरडं करून पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायरही तशीच साफ करा. खर्च जवळपास शून्य. मग मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धीच. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी संपत आलीय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. ते येत नसतील तर दोष अल्टरनेटरचा, आणि नवी बॅटरी घातली तरी महिन्याभरात तीच रड. बॅटरी खरं तर उन्हाळ्यात झिजते, थंडीत फक्त कळतं. ओम्नीची बॅटरी साधारण साडेतीन ते साडेचार हजारांत येते, जुनी परत दिली की काही शे रुपये कमी होतात. सेल्फचे ब्रश-बुश बदलून सर्व्हिस करायला आठशे ते दीड हजार धरा. हे आणि पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, दुकानागणिक फरक पडेल.

दुसऱ्या प्रकारात आधी करंट बघा, कारण आपल्याकडे दवाचा मार तिथंच बसतो. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून कोरड्या फडक्यानं पुसा. बारीक काळी रेघ किंवा तडा दिसला तर कॅप आणि रोटर बदला, दोन्ही मिळून तीन-चारशे. प्लगच्या वायरी कडक होऊन चिरल्या असतील, तर अंधारात इंजिन चालू असताना त्यांच्यावर निळसर ठिणग्या पळताना दिसतात. तो संच पाचशेच्या आसपास. ओम्नीला तीन प्लग आणि प्रत्येकी शंभर ते दीडशे रुपये. त्यामुळे प्लग जुने असतील तर विचार न करता तिन्ही बदला. फार जुन्या गाडीत पॉइंट आणि कंडेन्सर असतो. पॉइंट घासून गॅप लावणं हे जाणत्या मेकॅनिकचं पंधरा मिनिटांचं काम आहे.

काढलेला प्लग टाकू नका, तो बघा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. अशा वेळी चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाही. इंजिन गार असताना एअर फिल्टरचं झाकण काढा, हातानं थ्रॉटल ओढा आणि कार्बोरेटरच्या घशात पिचकारी उडते का बघा. गाडी चार-पाच दिवस उभी असेल तर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. ती भरेपर्यंत सेल्फ जास्त मारावा लागतो, तो बिघाड नव्हे. मात्र एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. रोज एका रात्रीत वाटी रिकामी होत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा, पाइप आणि फिल्टर तपासा. हे सगळं हजाराच्या आत बसतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीनं पेट्रोल ओतून सेल्फ मारू नका. इंजिननं उलटा भडका दिला तर बाटलीच पेटते आणि ओम्नीत इंजिन सीटखाली असतं. बंद शेडमध्ये गाडी तापवत ठेवणंही तितकंच घातक. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चोक कसा वापरायचा हे आता अनेकांना माहीतच नाही. गार इंजिनला तो पूर्ण ओढायचा, अॅक्सिलरेटर दोनदा दाबून सोडायचा, मग सेल्फ. इंजिन पकडलं की हळूहळू आत. केबल गंजून अडकली असेल, तर नॉब बाहेर येतो पण कार्बोरेटरवरची झडप मिटत नाही. हे डोळ्यांनी पाहून घ्या. केबल दोन-तीनशेत येते. कितीतरी 'गेलेले' कार्बोरेटर या केबलनं बरे होतात.

जुन्या गाड्यांना पेट्रोलचाही त्रास आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून गार इंजिन उशिरा पकडतं. ते ओलावा ओढतं आणि जुने रबरी पाइप, गॅस्केट फुगवतं. गाडी कमी चालत असेल तर पेट्रोल महिनोन् महिने साठवू नका, आणि पाइप बदलताना इथेनॉल चालणारेच मागा. सीएनजी किट असेल तरी सकाळी पेट्रोलवर सुरू करून थोडं चालवा. कायम गॅसवर राहिलेला कार्बोरेटर आतून सुकतो, जेट बुजतात.

एवढं करून भागलं नाही तरच कार्बोरेटर खोला. किट आणि मजुरी मिळून हजार ते दोन हजार. साफ करून किट घालणाऱ्याकडे जा. अख्खा बदलायला सांगणाऱ्याला आधी कारण विचारा, कारण अस्सल नवा कार्बोरेटर आता सहज मिळत नाही. काढलेले पार्ट परत मागा आणि बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तो बिलात दिसला पाहिजे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

डिझेल पिकअप किंवा छोटा हत्ती असेल, तर चोक आणि स्पार्क प्लगचा प्रश्नच नाही. तिथं बॅटरीनंतर हीटर प्लग आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी, याच क्रमानं बघा.

शेवटचा तपास कॉम्प्रेशनचा. तो कमी निघाला तर रिंग, व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन उतरवायचं काम आणि पंधरा-वीस हजारांच्या पुढचा खर्च. त्याआधी आरसी बुक काढून तारीख बघा. २० वर्षांवरील खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण जवळ आलं असेल तर हे पैसे इंजिनच्या खर्चात मिळवा आणि मगच मेकॅनिकला हो म्हणा.