स्वतःच्याच देहातील चरबी आणि स्तनाची पुनर्रचना

जुन्या हुबळीतील भगिनी मंडळात मध्यंतरी एक प्रश्न निघाला. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रीला, किंवा आपला स्तन लहान आहे अशी खंत बाळगणाऱ्या मुलीला, तिच्याच पोटावरची चरबी काढून तेथे भरता येते म्हणतात. हे खरे काय? असले प्रश्न भगिनी चारचौघांत विचारीत नाहीत. शब्बाथशाळेतील मोठ्या मुली तर शिक्षिकेच्या कानातच विचारतात. म्हणून शिक्षकवर्गाला उत्तर नीट ठाऊक असलेले बरे.

ते खरे आहे. परंतु ते का साधते आणि कोठे फसते हे समजण्यासाठी आपण प्रथम पुण्याकडे वळू.

इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला, व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका मनुष्याने त्याला नवे नाक करून दिले. त्याने मेणाचे नाक बनविले, ते चपटे करून कपाळावर ठेवले, त्याभोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळविली. मात्र दोन भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी त्याने कापली नाही. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि युरोपातील शस्त्रवैद्य ती विद्या शिकू लागले.

सारे मर्म त्या न कापलेल्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत राहिले म्हणून कातडी जगली. स्तन पूर्ण काढलेल्या स्त्रीसाठी आजही पोटाची कातडी व चरबी रक्तवाहिन्यांसकट छातीवर आणतात. ती पद्धत कावसजीच्या नाकाची थोरली बहीणच म्हणावी. सुईने भरलेल्या चरबीला मात्र अशी पट्टी नसते. नव्या जागी रक्त मिळेल तरच ती जगते.

१८९५ साली जर्मनीत चेर्नी नावाच्या शस्त्रवैद्याने एका स्त्रीच्या कमरेजवळची चरबीची गाठ काढून तिच्या स्तनातील पोकळी भरली होती. आज गाठ अखंड ठेवीत नाहीत. पोट किंवा मांडी यांतून बारीक नळीने चरबी ओढतात, रक्त व पाणी वेगळे करतात, आणि ती थेंबाथेंबाने, निरनिराळ्या थरांत, धाग्यासारखी सोडतात. आपल्याकडचा शेतकरी मिरचीची रोपे वाफ्यातून उपटून शेतात लावतो, तेव्हा जुडीच्या जुडी एका खड्ड्यात पुरीत नाही. पुरली तर मधली रोपे वाळतात. चरबीचेही तसेच. एकाच जागी पुष्कळ घातली की आतली मरते. तिचे तेल साचते, गाठी होतात, पुढे त्यांत चुना धरतो.

म्हणूनच १९८७ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी भरण्यास विरोध केला. अशा गाठींमुळे क्ष-किरण तपासणीत कर्करोग ओळखणे कठीण जाईल, ही भीती होती. पुढे तंत्र सुधारले, अनुभवी डॉक्टरांना दोहोंतील फरक बहुधा ओळखता येतो असे दिसले, आणि २००९ मध्ये त्याच संघटनेने सावधगिरीने तो विरोध मागे घेतला. या उपचाराने कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे आजवरच्या बहुतेक पाहण्यांत आढळलेले नाही.

आता अपेक्षेविषयी. भरलेल्या चरबीचा बराच भाग, कधी निम्म्याच्या आसपास, काही महिन्यांत विरून जातो. म्हणून पुष्कळदा पुन्हा भरावी लागते. वाढ माफकच होते. सडपातळ मुलीच्या अंगावर मुळात काढण्याजोगी चरबी नसते, आणि नेमक्या अशाच मुली विचारणा करतात! वजन उतरले की स्तनही उतरतो. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. मिश्री लावणाऱ्या आमच्या भगिनींनी हे डॉक्टरांपासून लपवू नये.

आमचे मत विचाराल तर, कर्करोगातून उठलेल्या स्त्रीने छातीवरचा खड्डा भरून घेणे यात नटणे मुरडणे काही नाही. पदर सावरताना तिला रोज काय वाटते ते तीच जाणे. स्थळे येईनात म्हणून आईच मुलीला डॉक्टरकडे नेत असेल, तर मात्र तपासणी मुलीची नव्हे, घराची व्हावी.

आणि एक गोष्ट याहून तातडीची आहे. भारतीय स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच. स्तन जाईल या धास्तीने कित्येक जणी गाठ लपवितात, आणि उपचाराची वेळ निघून जाते. गाठ लागली की नवनगरातील कर्करोग रुग्णालयात किंवा विद्यानगरच्या सरकारी इस्पितळात, जे अजून 'किम्स' म्हणूनच लोकांच्या तोंडी आहे, लगेच दाखवावे. स्तन पुन्हा घडविता येतो, हे तेव्हाच कोणीतरी तिच्या कानी घातले पाहिजे. चरबी भरून घ्यायचीच असेल तर प्लास्टिक सर्जरीची पदवी असलेल्या डॉक्टरांकडेच जावे, आधी स्तनाचा फोटो व सोनोग्राफी करून घ्यावी, आणि पुढे दर तपासणीच्या वेळी येथे चरबी भरलेली आहे असे सांगून तो जुना फोटो सोबत न्यावा.