सर्किट बोर्डाचे सॉफ्टवेअर बदलावे काय?

नवी आवृत्ती निघाली की घ्यावीच, असे आम्ही म्हणणार नाही. बोर्ड बनवणारा कारखाना गर्बर आणि ड्रिलच्या फाइली मागतो. त्या जुन्यातूनही निघतात. ईगलवाल्यांची गोष्ट मात्र निराळी. २०१७ पासून ते सॉफ्टवेअर वर्गणीवर गेले, आणि २०२३ साली ऑटोडेस्क कंपनीने ७ जून २०२६ ही त्याची अखेरची तारीख जाहीर केली. जुना नमुना पुन्हा मागणारे गिऱ्हाईक आम्हां कापडवाल्यांनाही ठाऊक आहे. फाइल उघडली नाही तर ऑर्डर गेलीच. किकॅड फुकट मिळते, ईगलची फाइल उघडते. पण नव्या किकॅडमध्ये जतन केलेले जुन्या किकॅडमध्ये उघडत नाही, तेव्हा मूळ प्रत अलग ठेवावी. आधी एकच जुने काम नेऊन नवे गर्बर जुन्याशी ताडावे. तांब्याचा भराव आणि छिद्रे विशेष बघावीत.