कळसाचा दगड : एमबीएचा प्रोजेक्ट पुरा कसा करावा?

बी.ई. झाल्यावर एमबीएकडे वळणारे आपल्यात कमी नाहीत. कॅट, सीईटीच्या गप्पा हॉस्टेलमध्ये रात्री दोन-दोनपर्यंत रंगतात. पण प्रवेश मिळाल्यावर जो प्रोजेक्ट करावा लागतो, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. परदेशात याला ‘कॅपस्टोन’ म्हणतात. सिव्हिलवाल्यांना ठाऊकच आहे, भिंतीच्या माथ्यावर सर्वांत शेवटी बसवायचा दगड तो कॅपस्टोन. म्हणजेच मार्केटिंग, फायनान्स, ऑपरेशन्स असं जे जे शिकलो, ते सगळं एका खऱ्या प्रश्नावर वापरून दाखवायचं.

प्रत्यक्षात काय होतं? ‘कस्टमर सॅटिस्फॅक्शनचा अभ्यास’ असं मोघम शीर्षक, ओळखीच्या शंभर जणांकडून भरून घेतलेले फॉर्म, दहा-बारा पाय चार्ट आणि सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. झाला प्रोजेक्ट! मार्क मिळतातही. पण पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘यातून कंपनीने नेमकं काय बदलायचं?’ असं विचारलं, की दातखीळ बसते. म्हणून पहिला धडा हा : विषय नको, प्रश्न निवडा. आणि तोही असा, की त्याच्या उत्तरावर कोणीतरी निर्णय घेऊ शकेल.

एक उदाहरण घेऊ. समजा, कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, ‘आमच्याकडे मालाचे ट्रक फार खोळंबतात, बघा काहीतरी.’ ‘लॉजिस्टिक्स सुधारणे’ हा झाला विषय. ‘ट्रक गेटमधून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ कुठे जातो?’ हा झाला प्रश्न. याची माहिती गेटवरच्या रजिस्टरमध्ये, वजनकाट्याच्या पावत्यांवर आणि स्टोअरच्या नोंदींत असते. ती बघायची लेखी परवानगी पहिल्याच आठवड्यात घ्या. अनेक प्रोजेक्ट अक्कल कमी पडली म्हणून नाही, तर डेटा वेळेवर मिळाला नाही म्हणून अडतात.

आता थोडं गणित. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : आत असलेल्यांची सरासरी संख्या = येण्याचा दर × आत राहण्याचा सरासरी वेळ. समजा, तासाला ६ ट्रक येतात आणि आवारात सरासरी १५ ट्रक असतात. १५ भागिले ६, म्हणजे प्रत्येक ट्रक सरासरी अडीच तास आत असतो. वजन आणि तपासणीला २० मिनिटं, माल उतरवायला ४० मिनिटं. मग उरलेला दीड तास? ती नुसती वाट पाहणं!

इथेच घाई होते. ‘नवा फोर्कलिफ्ट घ्या’ अशी शिफारस ठोकून मंडळी मोकळी होतात. पण ट्रक जर कागदपत्रं जुळण्यासाठी थांबत असतील, तर फोर्कलिफ्ट येऊन काय उपयोग? एलियाहू गोल्डरॅट यांनी ‘द गोल’ (१९८४) या कारखान्यावरच्या कादंबरीत हेच मांडलंय : अडथळा जिथे आहे तिथेच सुधारणा करा, इतर ठिकाणी केलेली मेहनत वाया जाते. म्हणून रजिस्टर नुसतं वाचू नका, दोन-तीन दिवस गेटवर स्वतः उभे राहा. ड्रायव्हरशी आणि वॉचमनशी बोला. त्यांना जे ठाऊक असतं, ते केबिनमध्ये कळत नाही.

वेळेचं नियोजन मात्र उलटीकडून करा. आठ आठवडे असतील तर शेवटचे दोन लिखाणाला, त्याआधीचे दोन विश्लेषणाला, म्हणजे डेटा चौथ्या आठवड्याअखेर हातात हवाच. गाईडला दर आठवड्याला एक पान लिहून दाखवा. ग्रुप असेल तर कोणी काय करायचं ते पहिल्या दिवशी कागदावर घ्या, नाहीतर शेवटी एकाच्याच डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसतात!

शिफारशी तीनच द्या. प्रत्येकीसमोर खर्च किती, फायदा किती आणि करणार कोण, एवढं लिहा. जे तपासता आलं नाही, तेही स्पष्ट लिहा. त्याने मार्क कमी होत नाहीत, उलट विश्वास वाढतो.

तयार रिपोर्ट बाजारात मिळतात, हे सर्वांना माहीत आहे. पण तो दीड तास कुठे गेला हे शोधण्याची सवय विकत मिळत नाही, आणि पुढे पगार मिळतो तो त्या सवयीचाच. बी.ई.च्या फायनल इयर प्रोजेक्टपासूनच सुरुवात करून बघा ना!